दुखवट्याचा ठराव : सभागृहातील स्मरणाची परंपरा आणि बासर परिसर

गोदातीरी वसलेले श्रीक्षेत्र बासर हे विद्येच्या अधिष्ठात्रीचे स्थान होय. महर्षी व्यासांनी नदीतील वाळूच्या तीन मुठींतून तीन देवींची प्रतिष्ठापना केली, अशी येथील परंपरागत श्रद्धा आहे. या देवीसमोर बालक आपले पहिले अक्षर गिरविते. 'अक्षर' म्हणजे जे झिजत नाही ते. मनुष्याची जीवनयात्रा संपल्यावर त्याचे नाव व कार्य अक्षरबद्ध करण्याची एक रीत आधुनिक लोकप्रतिनिधिगृहांनीही स्वीकारली आहे. दुखवट्याचा ठराव अथवा शोकप्रस्ताव या नावाने ती ओळखली जाते.

या ठरावास कायद्याचे बळ नसते आणि त्यामुळे कोणास कसला अधिकारही प्राप्त होत नाही. महाराष्ट्र विधिमंडळात अधिवेशनाच्या प्रारंभी दिवंगत सदस्यांविषयीचा प्रस्ताव मांडला जातो. त्यात त्यांचा जन्म, शिक्षण व लोकसेवा यांचा गोषवारा असतो. निरनिराळ्या पक्षांचे सदस्य भाषणे करतात, सभागृह उभे राहून स्तब्धता पाळते आणि शोकसंवेदना कुटुंबीयांस कळविल्या जातात. लोकसभेत अध्यक्ष स्वतःच निधनाचा उल्लेख करतात. रीती भिन्न असल्या तरी जे बोलले जाते त्याची नोंद कामकाजाच्या वृत्तांतात कायमची राहते, हे दोन्हींकडे समान आहे.

ही प्रथा केवळ उपचाराची आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १७९० साली बेंजामिन फ्रँकलिन यांचे निधन झाले, तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने एक महिना शोकचिन्ह धारण करण्याचे ठरविले. तेथील सिनेटने मात्र तसे करण्यास नकार दिला. कोणास आपले म्हणावयाचे, हा निर्णय त्याही काळी सोपा नव्हता. भारतात महात्मा गांधींच्या हत्येनंतर २ फेब्रुवारी १९४८ रोजी संविधान सभेत विधिमंडळ या नात्याने पंडित नेहरूंनी श्रद्धांजली अर्पण केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. १९५१ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन ते बाहेर पडले होते. तरीही त्याच दिवशी लोकसभेत नेहरूंनी त्यांच्या कार्याचा गौरव केला. मतभेद बाजूस ठेवून सभागृहाने एकमुखाने बोलावे, हेच या प्रथेचे मर्म होय.

बासर परिसराच्या संदर्भात या विषयास एक वेगळा पदर आहे. १९५२ साली निवडून आलेली हैदराबाद राज्याची १७५ सदस्यांची विधानसभा तेलुगू, मराठी, कन्नड व उर्दू भाषकांची सामायिक सभा होती आणि तिचे अध्यक्ष काशिनाथराव वैद्य होते. त्या काळी मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला. पण मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात आली. धर्माबाद, बिलोली पलीकडे राहिली आणि बासर अलीकडे. पुढे २ जून २०१४ पासून हा भाग तेलंगणात आला व २०१६ मध्ये नवनिर्मित निर्मल जिल्ह्यात समाविष्ट झाला. नाती, बाजारहाट व देवदर्शन सीमेच्या आरपार चालूच राहिले. सभागृहे मात्र वेगळी झाली. एकाच परिसरातील लोकसेवकांपैकी एकाचे स्मरण मुंबईच्या वृत्तांतात, तर दुसऱ्याचे हैदराबादच्या वृत्तांतात होऊ लागले.

तरीही काही व्यक्ती या सीमेत मावत नाहीत. पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे तेलंगणाचे सुपुत्र. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली आणि महाराष्ट्रातील रामटेकचे लोकसभेत प्रतिनिधित्वही केले. २३ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे सोळा वर्षांनी, जन्मशताब्दी वर्षात, ८ सप्टेंबर २०२० रोजी तेलंगणा विधानसभेने त्यांना भारतरत्न देण्याची विनंती करणारा ठराव संमत केला. तेव्हाही एका पक्षाचे सदस्य त्यात सहभागी झाले नाहीत. २०२४ साली तो सन्मान त्यांना मरणोत्तर देण्यात आला. मृत्यूनंतरचा गौरव विलंबाने होऊ शकतो आणि तो सर्वसंमत असतोच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडील विधिमंडळे मुख्यतः माजी सदस्य व ख्यातकीर्त पुरुष यांच्यापुरतीच ही रीत पाळतात. अमेरिकेतील टेक्साससारख्या घटकराज्यांत मात्र शिक्षक, सैनिक, गावातील ज्येष्ठ अशा सामान्य नागरिकांविषयीही स्मृतिठराव होतात व त्याची प्रत कुटुंबास दिली जाते. देवस्थानांच्या महाजनमंडळींनी हा धडा घेण्याजोगा आहे. पर्वकाळी यात्रेकरूंस नदी पार करून देणारा नावाडी, अन्नछत्रातील आचारी, पहाटे प्रांगण झाडणारी वृद्धा यांची नावे कोणत्याही विधानसभेच्या वृत्तांतात येणार नाहीत. ती यावयाची तर सभेच्या इतिवृत्तातच येतील. त्यासाठी नाव, सेवेची वर्षे आणि केलेले काम एवढ्या चार ओळी पुरेत. देवस्थानाचा इतिहास दात्यांच्या शिलालेखांवरून लिहिला जातो. सेवेकऱ्यांचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेविला तरच उरतो. ज्या देवीच्या पायाशी अक्षराचा आरंभ होतो, तिच्या दारी ही नोंद राहून जाणे उचित नव्हे.