एका आज्ञावलीचे दोन पाठ

‘संहिता कोणाची?’ हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. लेखकाने एकदा ग्रंथ लोकांच्या हाती दिला की त्यावर त्याचा अधिकार किती उरतो, प्रती करणाऱ्याचा किती, दुरुस्त्या करणाऱ्याचा किती, यावर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. हाच प्रश्न संगणकाच्या जगात एका विशिष्ट आज्ञावलीसंबंधी २००२ साली अत्यंत स्पष्ट स्वरूपात उभा राहिला होता. ती कथा तांत्रिक नियतकालिकांपुरतीच राहिली, परंतु तिच्यातील पेच आपल्या विषयाच्या फार जवळचा आहे.

पार्श्वभूमी अशी. संगणकाला एकच मोठे काम देण्यापेक्षा ते अनेक संगणकांत वाटून द्यावे, ही कल्पना जुनी आहे. वाटणी करणे सोपे. वाटणी न्याय्य ठेवणे कठीण. काही यंत्रे कामाखाली दबलेली आणि काही रिकामी, ही अवस्था प्रत्येक प्रयोगशाळेत दिसे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आम्नोन बराक यांनी १९७७ पासून या प्रश्नावर काम सुरू केले. पीडीपी-११ यंत्रे आणि युनिक्स ही कार्यप्रणाली यांपासून निघालेल्या या प्रकल्पाला पुढे ‘मोसिक्स’ हे नाव मिळाले. १९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉन्डोर’ ही प्रणाली मांडली. मालक जागेवर नसताना त्याचे यंत्र दुसऱ्याच्या कामाला लावायचे आणि मालक परतला की काम बाजूला न्यायचे, असे तिचे धोरण. १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे सोळा साधे संगणक जोडून एक समूह उभारला आणि त्याला प्राचीन इंग्रजी महाकाव्यावरून ‘बेवुल्फ’ असे नाव दिले. महागड्या महासंगणकाची मक्तेदारी संपू शकते, हे या नामकरणाबरोबरच जगाला कळले.

मोसिक्सचे वेगळेपण मात्र निराळ्या ठिकाणी होते. इतर प्रणालींत वापरकर्त्याला आपले काम रांगेत लावावे लागे. मोसिक्समध्ये त्याला काहीच करावे लागत नसे. तो आपल्या संगणकावर नेहमीप्रमाणे काम सुरू करी. ते काम चालू असतानाच, मध्येच उचलून, समूहातील कमी भार असलेल्या यंत्रावर हलवले जाई. कोणी एक मुकादम बसून हुकूम सोडत नसे. प्रत्येक यंत्र आपल्यावरील भाराची बातमी यदृच्छेने निवडलेल्या काही यंत्रांना ठरावीक अंतराने कळवी आणि हाती आलेल्या अपुऱ्या माहितीवर आपला निर्णय आपणच घेई. यंत्राची स्मृती संपत आली तर भार कमी असूनही काम दुसरीकडे पाठवले जाई.

या स्थलांतराला एक मर्यादा होती. काम कुठेही गेले तरी त्याचा एक प्रतिनिधी मूळ यंत्रावर मागे राही आणि फाइल उघडणे, पडद्यावर लिहिणे अशी कित्येक कामे त्याच्यामार्फतच होत. मुंबईत राबणाऱ्या चाकरमान्याचे रेशनकार्ड गावच्या घरीच राहावे, तसा हा प्रकार. सही-शिक्क्यासाठी वारंवार गावी जावे लागणाऱ्या माणसाला मुंबई जशी परवडत नाही, तसेच सतत फाइली वाचणाऱ्या कामाला स्थलांतर परवडत नसे. केवळ आकडेमोड करणाऱ्या दीर्घ कामांना मात्र त्याचा उत्तम लाभ होई.

१९९९ च्या सुमारास मोसिक्स लिनक्सवर आले. लिनक्सचा परवाना म्हणजे जीपीएल. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली आणि १९८९ मध्ये या परवान्याचा पहिला मसुदा दिला. त्याचे तत्त्व असे की संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत वाटण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. अट एवढीच की पुढच्याला तोच अधिकार द्यावा. मोसिक्सचा लिनक्सवरील पाठ या परवान्याखाली वाटला गेला. २००१ च्या अखेरीस मात्र बराक यांनी पुढील आवृत्त्या या परवान्याखाली न देण्याचे ठरवले. त्यावर प्रकल्पात सहभागी असलेल्या मोशे बार यांनी १० फेब्रुवारी २००२ रोजी शेवटचा मुक्त पाठ घेऊन स्वतंत्र वाट धरली. तिचे नाव ‘ओपनमोसिक्स’.

येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. दोन्ही बाजूंना काही म्हणता येण्यासारखे आहे. दोन तपांहून अधिक काळ एका कल्पनेला वाहिलेल्या संशोधकाने आपल्या पुढील श्रमांविषयी निर्णय घेणे हे अन्यायाचे म्हणता येत नाही. उलट, ज्यांनी मुक्त प्रत घेऊन आपली प्रयोगशाळा उभी केली त्यांचा अधिकार लेखकाच्या मनःपरिवर्तनाने नष्ट व्हावा, हेही योग्य नव्हे. जीपीएलने हा वाद मिटवला नाही. त्याने फक्त एवढेच ठरवून ठेवले होते की पुढे काय लिहायचे ते लेखक ठरवील, परंतु जे दिले ते परत घेता येणार नाही. एका संहितेचे दोन पाठ झाले आणि दोन्ही वैध ठरले.

ओपनमोसिक्सला सुरुवातीस उदंड प्रतिसाद मिळाला. सीडी घालताच संगणक समूहात सामील होईल, अशी ‘क्लस्टरनॉपिक्स’सारखी वितरणे निघाली. परंतु जुलै २००७ मध्ये मोशे बार यांनीच प्रकल्प १ मार्च २००८ रोजी संपेल, असे जाहीर केले. एकाच चकतीवर अनेक गाभे असलेले प्रोसेसर स्वस्त झाल्यामुळे अनेक यंत्रांचे एक यंत्र भासवण्याची गरज उरत नाही, हे त्यांनी दिलेले कारण. दुसरे एक कारण रचनेतच होते. ही आज्ञावली लिनक्सच्या गाभ्यात शिरून त्याची दुरुस्ती करीत असे, त्यामुळे मूळ गाभा बदलला की सारी टीका नव्याने लिहावी लागे. लिनक्सची २.६ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये आली. ओपनमोसिक्सचा तिच्यासाठीचा स्थिर पाठ आलाच नाही. मोसिक्सच्याही २०१४ मधील चौथ्या आवृत्तीने गाभ्यात हात घालणे सोडून दिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

याउलट, ज्या प्रणालींनी गाभ्याबाहेर राहून रांग लावण्याचे साधे काम पत्करले, त्या टिकल्या. कॉन्डोर २०१२ पासून ‘एचटीकॉन्डोर’ या नावाने चालू आहे. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००२ च्या सुमारास सुरू झालेली ‘स्लर्म’ ही मुक्त प्रणाली जगातील अनेक महासंगणकांवर कामांची वाटणी करते; पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ही त्यांतच मोडतो.

एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. अनेक यंत्रांचे एक यंत्र करू पाहणारे मोशे बार पुढे झेनसोर्स आणि क्यूमरानेट या कंपन्यांच्या संस्थापकांत होते. आणि त्या कंपन्यांचे कार्य एका यंत्राची अनेक आभासी यंत्रे करण्याचे होते. आता चालू काम नव्हे, तर चालू असलेले अख्खे आभासी यंत्रच एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवले जाते. चाकरमान्याने गावचे घरच उचलून सोबत न्यावे, तसे हे झाले. कल्पना जगली, तिचा पाठ मात्र मागे पडला.

मुक्त परवान्याविषयी या इतिहासातून काय हाती येते? परवाना संहितेला लेखकाच्या इच्छेपासून वाचवतो. काळापासून वाचवत नाही. २००२ मध्ये ओपनमोसिक्स जन्मू शकले ते परवान्यामुळे, २००८ मध्ये ते थांबले ते वाचक आणि टीकाकार दोन्ही पांगल्यामुळे. संहिता आजही कोणालाही उघडून वाचता येते. पण ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि परंपरेत ग्रंथ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. पहिली गोष्ट कायदा देऊ शकतो. दुसरीसाठी पिढ्यानुपिढ्या कोणीतरी ती संहिता पुन्हा लिहून काढावी लागते.