शोध नेमका कोणाचा?

चामोर्शीच्या माणसाला इतिहास म्हणून वैनगंगेकाठचे मार्कंड्याचे देऊळ दाखवले जाते. मलाही शाळेत तेच दाखवले. देवळांच्या आधीही माणूस होता, हे कुणी सांगितले नाही. त्या माणसाची खूण पाहायला मी धारूळला गेलो.

धारूळ बैतूल जिल्ह्यात, अमरावतीच्या सीमेलगत. 2007 च्या जानेवारीत अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सहकाऱ्यांना इथल्या सातपुड्याच्या कपारींत चित्रे आढळली.

मला प्रथम काहीच दिसले नाही. गेरूचा एक डाग, बस्स! डोळे सरावले तशी पाठ दिसली, पाय दिसले, आणि एक जनावर उभे राहिले. चित्र उठून दिसावे म्हणून काही जण त्यावर पाणी मारतात. त्याने क्षार साचून ते आणखीच झाकोळते. आता संगणक छायाचित्रातले रंगभेद ताणून पुसट रेषा दाखवतो. वय मात्र सहज कळत नाही. गेरूचा रंग लोहाचा; त्यात कार्बन नाही, म्हणून कार्बन-कसोटी लागत नाही. कोणते चित्र कोणावर काढले, यावरून क्रम लावावा लागतो.

वाट दाखवणारा कोरकू गुराखी म्हणाला, "पावसात आम्ही गुरं घेऊन इथंच थांबतो." मग शोध कोणाचा? भीमबेटकाची चित्रे वाकणकरांनी 1957 मध्ये उजेडात आणली. पण 1888 मध्येच किनकेड या इंग्रजाने आदिवासींच्या माहितीवरून त्या जागेची नोंद केली होती. लिहिणाऱ्याचे नाव उरले, सांगणाऱ्यांचे गेले. डोंगरावर मात्र भीमाच्या बैठकीचा शिक्का बसला.

बाबासाहेबांनी 1948 च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ.स. 400 च्या सुमारास ठरवला. मध्य भारतातली जुनी चित्रे मध्याश्मयुगातली, म्हणजे त्याच्या हजारो वर्षे आधीची मानतात. ज्यांना अनादि म्हणून विटाळ सांगितला गेला, त्यांच्यासाठी हा हिशेब मोठा आहे. तरीही 'हे चितारणारे आमचेच पूर्वज' असे मी म्हणणार नाही. पुराव्याशिवाय शिक्का मारणे ही त्यांची रीत. ती आपण का उचलावी?

आपली मागणी साधी आहे. पुढची नोंद करताना वाट दाखवणाऱ्याचे नाव आधी लिहा.