झेडझेडमधलं अळू

रोपवाटिकेत ‘झेडझेड’ म्हणून मिळणाऱ्या पूर्व आफ्रिकी झाडाचं शास्त्रीय नाव झामिओकल्कस. त्यातला ‘झामिया’ सायकसच्या गोतातला. पानं तशी दिसतात, एवढंच. ‘कल्कस’ मात्र अरबी ‘कुल्कास’, म्हणजे चक्क अळू! ही चकचकीत पानं कुठे आणि अळू कुठे, असा आक्षेप येईल. पण कूळ पानांवरून नव्हे, फुलोऱ्यावरून ठरतं: बुंध्याशी दडलेलं, पानासारख्या आवरणातलं जाडसर कणीस ही अळूकुळाचीच खूण. १८२९ साली त्याची नोंदही कॅलेडियम म्हणून, त्याच कुळात झाली होती. मग पाणीही अळवाइतकं द्यावं का? तिथे मात्र नाव फसवतं. अळवाला चिखल मानवतो. झेडझेडचे गड्डे कोरड्या दिवसांसाठी पाणी साठवतात आणि सततच्या ओल्या मातीत कुजतात.