चष्मा आणि चिडवणं

फळ्यावरचं दिसत नाही? मग पहिल्या बाकावर बस! आम्हा मास्तरांचा हा जुना उपाय. नंबर लागला तरी चष्मा उशिराच यायचा, मुलीला तर आणखीच (लग्न जमायचं कसं?). आणि यायचा तो वाढत्या अंगाचा, जड काचांचा, नाकावरून घसरणारा.

ब्रिटनने १९४८ साली आरोग्यसेवेतून मुलांना फुकट चष्मे दिले. योजना थोर, पण फ्रेमचे प्रकार मोजकेच, लांबूनही 'सरकारी' म्हणून ओळखू येणारे. पोरं चिडवणारच! १९८६ मध्ये तिथे व्हाउचर आलं, तेव्हा कुठे मनासारखी फ्रेम घेता येऊ लागली. अमेरिकेत काच फुटून डोळ्याला इजा होऊ नये म्हणून १९७२ पासून आघात सोसणारी भिंगंच सक्तीची झाली. आपल्याकडे राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शालेय नेत्रतपासणी १९९४ ला आली.

असो. भिंग पॉलिकार्बोनेटचं आहे ना, फ्रेम नाकावर नीट बसते ना, एवढं मोठ्यांनी पाहावं. रंग मुलांवर सोडावा. आमच्या नातीने जांभळा निवडला. सूनबाईंना मुळीच पसंत नाही, पण नात झोपतानाच काय तो चष्मा काढते.