पेसमेकर असताना एमआरआय : आधी कार्ड दाखवा

घरात अब्बूंना पेसमेकर आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, की सगळे घाबरतात. भीती खोटी नाही. जानेवारी २०१८ मध्ये आपल्या मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआय मशीनने ऑक्सिजनचा सिलिंडर ओढून घेतला आणि पेशंटसोबतच्या तरुणाचा जीव गेला. पेसमेकरचा धोका वेगळा असतो : वायर तापते, ठोके बिघडू शकतात.

म्हणून पूर्वी सरळ 'नाही' म्हणायचे. आता एमआरआय चालणारे पेसमेकर मिळतात. जुन्या उपकरणांवरही अमेरिकेत १,५०० तपासण्या झाल्या (अहवाल २०१७, छाती सोडून). तपासणीत एकही मृत्यू नाही. एक उपकरण मात्र लगेच बदलावं लागलं. ते आधी नियमाप्रमाणे सेट केलेलं नव्हतं.

तेव्हा माटुंग्यात सेंटरवर नंबर लावण्याआधी :

• पेसमेकरचं कार्ड दाखवा. मशीन आणि वायर दोन्हींचं मॉडेल तपासू द्या.
• बसवून सहा आठवडे झाले नसतील किंवा जुनी वायर आत असेल, तर तसं स्पष्ट सांगा.
• आधी सेटिंग, तपासणीत ईसीजीवर नजर, नंतर सेटिंग पूर्ववत : हे कोण करणार, ते विचारा.

कार्ड सापडत नसेल तर पेसमेकर बसवलेल्या हॉस्पिटलातून माहिती घ्या. पण लपवू नका.