पीळ दिलेली तार

घाटकोपरला किंवा अंधेरीला एमआरआय काढायला गेलेल्या कुणालाही विचारा, तो आधी त्या ठकठकाटाबद्दल बोलेल. तो आवाज मुख्य चुंबकाचा नसतो. मुख्य चुंबक म्हणजे नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं वेटोळं. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियमच्या गारठ्यात एकदा सोडलेला प्रवाह ते वर्षानुवर्षं मुकाट फिरवत बसतं. ठोकाठोक चालते ती ग्रेडियंट कॉइलची, आणि ती साध्या तांब्याची असते. रोध नसलेली तार त्याच यंत्रात असताना इथे तांबं कशाला? ग्रेडियंटचं क्षेत्र सेकंदाला शेकडो वेळा चढतं-उतरतं म्हणून. स्थिर क्षेत्रात एक कणही ऊर्जा न खाणारी ही तार बदलत्या क्षेत्रात तापते. आणि इतक्या थंडीतून एक वॅट उष्णता उपसायची तर बाहेर काही शे वॅट वीज मोजावी लागते.

हे दुखणं कळायलाच अर्धं शतक गेलं. १९११ साली लायडनला कॅमरलिंग ओनेस यांना पाऱ्यात अतिसंवाहकता, म्हणजे थंडीत रोध नाहीसा होणं, सापडली. लगेच त्यांनी प्रचंड चुंबकांची स्वप्नं पाहिली, पण शिशाची तार काही शे गॉसमध्येच गळपटली. १९६१ मध्ये बेल लॅबमध्ये नायोबियम-कथिलाने ८.८ टेस्लाच्या क्षेत्रातही मोठा प्रवाह वाहून दाखवला आणि सगळे वेटोळी गुंडाळायला धावले. तुकड्याने चाचणीत जेवढा प्रवाह पेलला, तेवढा वेटोळ्यात पेलवेना. मध्येच तार तापायची, अतिसंवाहकता जायची, हेलियम उकळून उडायचं. एमआरआयवाले आजही याला क्वेंच म्हणतात.

कारणाची मांडणी चार्ल्स बीन यांनी १९६२ मध्ये केली. चुंबकीय क्षेत्र अशा तारेत शिरतं ते अडखळत, धातूतल्या दोषांना अडकत. क्षेत्र बदललं की अडकलेलं ओढून काढावं लागतं आणि त्या ओढाताणीची उष्णता होते. तंतू जितका जाड तितका तोटा जास्त. मग तो बारीक करा! तांब्याच्या जाड दंडगोलात नायोबियम-टायटॅनियमच्या कांड्या भरायच्या, तो तापवून दाबून लांबवायचा, मग साच्यातून ओढत राहायचं.

पण एवढ्याने भागेना. क्षेत्र बदलताना प्रवाह एका तंतूतून निघून तांब्यातून पलीकडच्या तंतूत जातो आणि सगळी जुडी पुन्हा एकच जाड तार असल्यासारखी वागते. यावर इंग्लंडच्या रदरफर्ड प्रयोगशाळेत मार्टिन विल्सन, पीटर स्मिथ आणि मंडळींनी तारेला पीळ दिला. अर्ध्या पिळानंतर क्षेत्राचा रेटा उलटा होतो, आधीचा रेटा मोडतो. पीळ निम्म्या लांबीचा केला की हा तोटा चौथाईवर येतो. १९७० मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं, आणि माझ्या मते पीळ दिलेल्या तारांच्या घराण्याचा खरा मूळपुरुष तोच शोधनिबंध. सर्नच्या मोठ्या त्वरकाच्या तारेत, जेमतेम मिलिमीटरभर जाडीत, सात मायक्रॉनचे हजारो तंतू असतात.

मुंबईच्या उपनगरात या घराण्याची शाखा ट्रॉम्बेला आहे, पण तिचं निमित्त गुजरातेतलं. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेच्या एसएसटी-१ या टोकामॅकची, म्हणजे तापलेला प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या यंत्राची, केबल ०.८६ मिलिमीटरच्या १३५ तारा पिळून, पोलादी नळीत घालून केलेली. तारांमधल्या फटींतून हेलियम वाहतं. प्लाझ्मा कोसळला तर क्षेत्र मिलिसेकंदांत बदलतं, म्हणून हा खटाटोप. तशी केबल देशातच व्हावी म्हणून ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने नायोबियम-टायटॅनियमच्या बहुतंतू तारा आणि नळीतल्या केबली घडवल्या. घाटकोपरच्या एमआरआयमधली चुलत बहीण मात्र सुखवस्तू: क्षेत्र स्थिर, म्हणून तिला काही डझन जाडसर तंतू पुरतात, आणि ती स्वस्तही पडते.

नव्या पिढीची तार ही तारच नाही, ती ४ ते १२ मिलिमीटर रुंद पट्टी आहे. बीन यांच्या हिशेबाने तो एकच अगडबंब तंतू, आणि पट्टीला तारेसारखा पीळही देता येत नाही. त्यामुळे कुणी ती लेझरने उभी चिरतं, तर कुणी लुडविग रोबेल यांनी १९१२ च्या सुमारास जनित्रातल्या तांब्याच्या पट्ट्यांसाठी काढलेली वेणी तिला घालतं.