दातावरून आडनाव: हिस्लॉपच्या नावाचा चिमुकला लुटारू

आज सुरुवात आपल्या मूर्तिजापूर स्टेशनावरून. शकुंतलेच्या रुळांजवळ काळ्या खडीचा एखादा तुकडा दिसला तर उचला. हा थिजलेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर ओतला गेला. आपली काळी कपाशीची माती त्याचीच पोर. पण दोन थरांमध्ये बराच काळ जायचा. मधे तळी साचायची, झाडं उगवायची, प्राणी फिरायचे. मग पुन्हा लाव्हा. दोन काळ्या थरांत दबलेला तो गाळ, त्यात आजची गोष्ट आहे.

हा गाळ नीट पाहणारे सुरुवातीचे काही लोक नागपूरचे. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत ते नागपूरजवळ टाकळीला या थरांतले जीवाश्म गोळा करायचे. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. कॉलेज सगळ्यांना माहीत, माणूस कोणाला?

सव्वाशे वर्षांनी, १९८८ मध्ये, जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी अशाच एका थरातून, आताच्या तेलंगणातल्या नसकल गावाहून, भारतातला पहिला क्रिटेशियस सस्तन प्राणी जाहीर केला. डायनासोरच्या शेवटच्या दिवसांतला. नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. 'लेस्टेस' म्हणजे लुटारू! आणि या लुटारूचा दात? एक-दोन मिलिमीटर. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान.

एवढं सापडतं कसं? हातोडीनं नाही. गाळ पोत्यांनी आणायचा, भिजवायचा, बारीक चाळणीतून धुवायचा, उरलेली रेती सूक्ष्मदर्शकाखाली कण-कण निवडायची. आजी तांदूळ निवडते ना, तसं. फक्त इथे खडे हवेत.

दातच का? कारण तो हाडांपेक्षा कठीण, टिकतो. शिवाय सस्तनांच्या दाढेचं उंचवटे-खळग्यांचं गणित प्रत्येक घराण्याचं वेगळं. या लुटारूच्या वरच्या दाढेचा एक उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बसतो, उखळात मुसळ बसावं तसा. म्हणजे कापणं आणि कुटणं, दोन्ही. पुढे १९९४ मध्ये घोट्याची हाडं अभ्यासली गेली. ती झाडावर चढणाऱ्याची निघाली. मग वाद पेटला: हा आपल्या, म्हणजे प्रायमेटांच्या, मोठ्या कुळाचा लांबचा नातलग की त्याहून जुन्या शाखेचा? २०११ च्या एका अभ्यासानं त्याला ॲडॅपिसोरिकुलिड नावाच्या घराण्यात बसवलं. त्याचे बाकीचे सदस्य आफ्रिका आणि युरोपातले. पण तेव्हा भारत तर समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा तुकडा होता. मग हे इकडे कसे, की इकडून तिकडे?

आणि गंमत बघा, त्याच काळातला दुसरा प्राणी उलटीच दिशा दाखवतो. बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक, धबधब्याचं. तिथल्या आणि नसकलच्या थरांतल्या उंच दाढांचे नातलग मादागास्कर आणि अर्जेंटिनात. २००७ मध्ये दोन वेगळ्या गटांनी त्याला दोन नावं दिली, भारतथेरियम आणि दक्षिणा. आधी छापलेलं नाव टिकलं, भारतथेरियम. मला दक्षिणा जास्त आवडलं असतं, पण नियम म्हणजे नियम.

दातावर विसंबणं धोक्याचंही असतं. मध्य प्रदेशात टिकीच्या खडकांतून आलेल्या एकुलत्या एका दाढेवरून २००५ मध्ये टिकिथेरियम हे नाव पडलं. वय सांगितलं बावीस कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे सस्तनांच्या अगदी मुळाशी. पाठ्यपुस्तकात जावी अशी बातमी. २०२४ मध्ये दोन रशियन अभ्यासकांनी तीच दाढ पुन्हा ताडून पाहिली. त्यांचं म्हणणं: ही चिचुंद्रीच्या कुळातली, फार तर २.३ कोटी वर्षांची. वीस कोटी वर्षं एका झटक्यात वजा!

म्हणून आपल्या लुटारूबद्दलही संशोधक जपून बोलतात. त्याची सगळी ओळख अजून सुटे दात, जबड्याचे तुकडे आणि हातापायांची थोडी हाडं यांवरच उभी आहे.